आधीच्या राजाचं नाव

११ फेब्रुवारी १९७९

पुन्हा तेच! सगळी नावं बाहेर.

काल भांडी घासून मी फळीवर लावली ती नावं भिंतीकडे करून. नेहमीसारखी. सकाळी चहाचं पातेलं काढायला गेले तर तांब्या, लोटी, दोन्ही पातेली, परात — सगळ्यांवरचे ते ठिपके माझ्याकडे तोंड करून. सौ. चंद्रभागा. सौ. चंद्रभागा. १९५५. सौ. चंद्रभागा.

पंचवटीत भाड्याच्या खोल्यांत हे व्हायचं तेव्हा मनाची समजूत घालायचे — ह्यांची पहिली बायको इथेच नांदली, इथेच जीव अडकला असेल. आता इंदिरानगरला नवं घर. भिंतींना अजून चुन्याचा वास. इथे ती कधी राहिलीच नाही. तरी ती आलीच. भांड्यांबरोबर!

ह्यांना सांगितलं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. तेव्हा ह्यांचा चेहरा एकदम उतरला. "आई फिरवत असेल," म्हणाले. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. तिची मुलगी गोदा चौथीत — फळी तिच्या डोक्याच्याही वर. मग मी विचारणंच सोडलं. गळ्यातल्या चंद्रभागेच्या टाकाला, पत्र्यावर ठोकलेल्या त्या प्रतिमेला, हात लावते आणि कामाला लागते.

दुपारी गोटीरामशेठ प्रेसवरून स्वतः आले. 'राज्ये कशी जन्मली' या त्यांच्या पुस्तिकांमध्ये आता युगोस्लाव्हियाची पाळी. "बाई, राजा कोणताही घ्या. पानं मात्र बत्तीस. आणि मे महिन्यात हातात पाहिजे, शाळा उघडायच्या आत." मी हो म्हटलं. मी नाही म्हटल्याचं त्यांना आठवत नाही, मलाही नाही.

१४ फेब्रुवारी

राजा ठरला. ब्रानिमिर. तिथल्या क्रोएशियाचा. अकराशे वर्षांपूर्वीचा.

२३ फेब्रुवारी

मुंबईहून मागवलेल्या दोन इंग्रजी पुस्तकांत मिळून त्याच्यावर जेमतेम चार पानं आहेत.

त्याच्या आधी झदेस्लाव नावाचा राजा होता. जुन्या घराण्यातला. बायझंटाइन सम्राटाच्या पाठबळावर गादीवर आला, आणि वर्षभरात गेला. व्हेनिसच्या एका बखरकाराने सगळं एका ओळीत उरकलंय — कुणी एक ब्रानिमिर, त्याने झदेस्लावला मारून त्याचं राज्य घेतलं. कुणी एक! कुठला, कुणाचा, काही नाही.

त्याच वर्षी रोममध्ये पोपने वेदीपुढे उभं राहून हात वर केले आणि या 'कुणी एका'ला आशीर्वाद दिला. त्याला, त्याच्या लोकांना, त्याच्या भूमीला. तसं पत्रच धाडलं. ते पत्र म्हणजे त्या राज्याचा जन्मदाखला, असं पुस्तकात म्हटलंय.

मी ती ओळ तीनदा वाचली. जन्मदाखल्याच्या आधी एक मरण आहे. आशीर्वाद देणाऱ्याने विचारलं असेल का, आधीचा कुठे गेला?

माझ्या लग्नात भटजींनी विचारलं नव्हतं.

४ मार्च

गोदाचं जमलं. विंचूरचे लोक, कांद्याचे मोठे व्यापारी. मुलगा वाल्मीक शाळेत मास्तर. हसरा वाटला. गोदा त्याच्याशी ओसरीवर बराच वेळ बोलत होती. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

मुलाची आई चतुराबाई मात्र नावाप्रमाणेच! चहा पिता पिता घरभर नजर. मग माझ्या गळ्याकडे. "टाक का सवतीचा? बरं केलंत बाई घातलात ते. आमच्या नात्यात एकीनं नाही घातला, वर्षात खाटेवर." आणि लगेच — "काय झालं होतं हो तिला?"

हे पटकन म्हणाले, "ताप."

"तापानं गेली तर ठीक. आमच्याकडं घराण्यातलं दुखणं बघतात. मागं एक जमलेलं मोडलं आम्ही, मुलीच्या मामाच्या अंगावर पांढरा डाग निघाला म्हणून."

गोदा पोह्यांच्या बशा उचलत होती. उचलता उचलता थांबली.

१८ मार्च

पुस्तिकेचं पहिलं वाक्य अजून नाही. असं माझं होत नाही. इतक्या वर्षांच्या रविवार पुरवण्या मी वेळेआधी दिल्या आहेत.

आज एक गोष्ट आठवली. आपल्या जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. नहपानाची चांदीची नाणी. त्याला हरवल्यावर सातकर्णीने तीच नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारला. वितळवली नाहीत! नीट पाहिलं तर नव्या ठशाखाली जुन्या राजाचं नाक, कान दिसतात.

या घरात मी तो वरचा ठसा आहे. खाली ती आहे. पातेल्यावर, परातीवर, गोदाच्या हनुवटीवर.

गोदा मला कधीही 'आई' म्हणाली नाही. 'मावशी' म्हणते. गोड म्हणते. तक्रार नाही.

२८ मार्च

पाडवा. नवी साडी. घडी मोडायच्या आधी नेहमीप्रमाणे पदर टाकाला लावला, टाकाला कुंकू लावलं, मनात म्हटलं — आधी तुम्ही नेसा. मग मी नेसले. लग्नात सासूबाईंनी हा टाक गळ्यात बांधला तेव्हाच हे शिकवलं होतं. "तिचा मान ठेव, ती तुला त्रास देणार नाही."

त्रास नाहीच देत. फक्त नाव दाखवते.

८ एप्रिल

गोदा वणीला गेलीय, चैत्राच्या यात्रेला. दर वर्षी जाते. मावशीकडे राहते — भागीबाईकडे, म्हणजे चंद्रभागेच्या धाकट्या बहिणीकडे. लग्नाआधीची शेवटची यात्रा म्हणून यंदा जास्त दिवस.

गंमत म्हणजे ती गेल्यापासून भांडी मी ठेवली तशीच. तीही गडावर दर्शनाला गेली असेल!

ब्रानिमिरबद्दल आज चांगलं सापडलं. त्याचं नाव असलेले दगडाचे तुकडे मिळालेत, चर्चमधल्या वेदीपुढच्या कठड्यांचे. एकावर सालही कोरलंय, ८८८. म्हणजे त्या साली तो होता, हे नक्की. बाकी सगळे अंदाज. नाव आणि साल एकत्र असलं की माणूस जिवंत धरायचा — इतिहासाचा साधा नियम.

दुसरी गोष्ट. निन गावच्या दगडावर त्याचं नाव घालून घेणारा तो स्वतः नव्हता, एक मठाधिपती होता. म्हणजे तलवारीने गादी मिळते. राजा होतो तो दुसऱ्या कुणी मानाने नाव कोरल्यावर.

१४ एप्रिल

भागीबाई आली. गोदासाठी पितळेची नवी कळशी घेऊन. लख्ख! नाव टाकून आणलेली. मी उजेडात धरून वाचली.

चि. गोदास. सौ. चंद्रभागाकडून. १९७९.

आधी हसूच आलं. प्रूफं तपासून तपासून डोळ्याला सवय — चूक आधी दिसते. म्हटलं, "भागीबाई, नाव टाकणाऱ्यानं घोटाळा केला. गेलेल्या माणसाला सौ. लावलंय. कै. पाहिजे. आणि साल आत्ताचं."

"मला कुठं वाचता येतंय ताई."

"तुम्ही सांगितलं असेल ना त्याला?"

"सांगितलं कुनीतरी."

"चला, भांडीबाजारात जाऊन दुरुस्त करून आणू. चतुराबाईंनी वाचलं तर —"

तिने कळशी माझ्या हातातून ओढून घेतली. छातीशी धरली. "न्हाय चुकलं त्ये." आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

१५ एप्रिल

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.

चंद्रभागा जिवंत आहे.

गोदा झाल्यावर अंगावर चट्टे उठले. महारोग. सासूबाईंनी तिला माहेरी सोडलं आणि परत येऊन सांगितलं — ताप येऊन गेली, तिकडेच सगळं उरकलं. रामकुंडावर देहाऐवजी पळसाच्या पानांची बाई केली, जाळली. दहावं, तेरावं, सगळं यथासांग. भागीबाई म्हणाली, "आमच्या बापानंबी मान डोलावली ताई. मी बी लग्नाची हुते ना. घरात महारोगी म्हटल्यावर मला कोन करनार?"

तिकडे महारोग्यांच्या वसाहतीत ती राहिली. गोळ्या मिळाल्या. बरी झाली. बोटं मात्र गेली. तिथेच सतरंज्या विणते.

"मग परत का नाही आणलं?"

भागीबाईने कळशी खाली ठेवली. "तवर तुमी आला हुतात ना ताई."

१६ एप्रिल

जिवंत बाईचा टाक गळ्यात घालून मी इतकी वर्षं कुंकू लावते आहे!

१७ एप्रिल

सकाळी हे अंगणात गुलाबाला पाणी घालत होते. मी सरळ विचारलं.

झारी तशीच वाहत राहिली. पाय भिजले तरी कळलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"हा टाक कुणी केला?"

"आईनं. सोनारानं विचारलं, बाईंचा फोटो आहे का? आई म्हणाली, फोटो कशाला, बाईसारखी बाई काढ."

"आणि तुम्ही?"

"मी तिथंच उभा होतो, विमल." मग झारी खाली ठेवत — "गोदाला कळू देऊ नकोस. चतुराबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना. पांढऱ्या डागावरून लग्न मोडतात ती माणसं. लग्न होऊ दे. मग मला काय बोलायचं ते बोल."

या माणसाशी मी एवढा संसार केला. वाईट माणूस नाही. तो फक्त उभा असतो.

गोदाचं लग्न मोडता कामा नये. आणि तिच्या आईने ते बघितलं पाहिजे. दोन्ही कसं व्हायचं?

२० एप्रिल

वणीला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, मानकऱ्यांना आमंत्रण. भागीबाईने वसाहतीत नेलं.

मी मनात कितीदा तरी पाहिलेली ती — उंच, मोकळे केस, स्वयंपाकघराच्या दारात उभी. प्रत्यक्षात एवढीशी बाई! चष्म्याला दोरा बांधलेला. मागापुढे बसलेली.

"या. च्या माझ्या हातचा घेनार का भागीच्या?"

"तुमच्या हातचा."

हसली. दोन तळव्यांच्या मध्ये पेला धरून पुढे केला. "घ्या मंग. डाक्टर म्हंतो आता माझं कुनाला लागत नाय. मानसं नाय म्हनत तसं."

चहा प्यायले. फार गोड होता.

तिची नजर माझ्या गळ्यावर. "त्यो माझा व्हय? बघू." मी काढून दिला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, उलटासुलटा केला. "अगं बया! नाक लय सरळ काढलंय. मी कुठं एवढी देखणी?" भागीबाई फिस्सकन हसली. मग मीही. असं हसायचं मला काही कारण नव्हतं!

"माझी पानांची बाई केली हुती म्हनं रामकुंडावर. भुर्रकन पेटली असंल. वाळकी पानं."

मी म्हटलं, "लग्नाला या."

"मेल्या मानसानं अक्षता टाकायच्या नसत्यात."

"तुम्ही मेलेल्या नाही."

"तुमच्या घरात हाय ना मेलेली. राहू द्या तशीच, पोर नांदायला लागंस्तोवर. ती चतुराबाई लय वाईट, म्हंत्यात." टाक माझ्या हातात ठेवला. "घाला परत. लगीन हुईस्तोवर काढू नगा. लोक इचारत्याल. आन् गोदापाशी यातलं काय बी बोलू नगा. माझी शपथ हाय."

निघताना म्हणाली, "अजून भात पानात टाकती का ती?"

"टाकते."

भागीबाई सांगत असेल तिला सगळं.

२१ एप्रिल

भांडी आज पुन्हा नावं बाहेर. आता भीती वाटायला नको. ती तिकडे माग चालवते आहे. मग हे कोण?

इतकी वर्षं वाटली नाही तेवढी भीती आज वाटली.

२४ एप्रिल

लग्नपत्रिकेचं प्रूफ. गोटीरामशेठच्या प्रेसवरच जुळवलंय. 'कै. सौ. चंद्रभागा व श्री. निवृत्ती यांची कन्या.'

लाल पेन घेतलं. 'कै.' वर काट मारली.

कंपोझिटर आत जाऊन शेठना घेऊन आला. "बाई, पहिल्या सौ. वारल्यात ना?"

"काढा तेवढं."

"लोक काय म्हणतील?"

"छापखान्याची चूक म्हणतील."

"तुम्ही आजपर्यंत चूक सोडली नाहीत माझ्याकडं. आज घालताय!" डोकं खाजवत गेले. पण काढलं. पत्रिका पेढीवर वाळत होत्या तेव्हा मी एक हातात घेऊन वाचली. सौ. चंद्रभागा. एवढंच माझ्या हातात होतं. माझं काम काढण्याघालण्याचं.

घरी गोदाने पत्रिका वाचली. एकदा. परत एकदा. मला वाटलं, आता विचारेल. ती उठून आत गेली आणि मला पाणी घेऊन आली. मी मागितलं नव्हतं.

२ मे

पहिलं वाक्य सुचलं. बसल्या बैठकीत अर्धी पुस्तिका झाली.

"झदेस्लाव नावाचा एक राजा होता."

९ मे

हस्तलिखित दिलं. गोटीरामशेठ पहिल्याच पानावर अडले. "बाई, पुस्तक ब्रानिमिरचं ना? मग हा आधी का? आणि मारामारी पहिल्या पानावर! शाळेची पुस्तकं ही."

"त्याला गाळलं तर ब्रानिमिर आला कुठून, हे मुलं विचारतील."

"मुलं कुठं काय विचारतात!"

"मग विचारायला शिकतील."

कुरकुरत ठेवून घेतलं. शेवटच्या पानावर मी लिहिलंय — राज्य उभं राहतं तेव्हा नव्या राजाचं नाव दगडावर येतं. आधीच्याचं कुठे आहे ते शोधावं लागतं. तेही त्याच राज्याचं आहे.

१३ मे

भागीबाईचा निरोप. येणार नाही म्हणते. मी उलट निरोप धाडला — माझ्या बाजूची पाहुणी म्हणून या. दाराजवळच्या ओळीत बसा. हातांवरून पदर घ्या.

२० मे

लग्न लागलं.

आधी लिहिते ते हे — ती आली. शेवटच्या ओळीत, भागीबाईशेजारी. हिरवं लुगडं. दोन्ही हात पदराखाली. मंगलाष्टकं चालू होती आणि मी बघत होते, अक्षता टाकेल का, टाकेल का. शेवटच्या 'सावधान'ला पदरातून एक तळवा बाहेर आला. तांदूळ पुढच्या बाईच्या अंबाड्यावर पडले. त्या बाईने मागे वळूनही पाहिलं नाही.

हे स्टेजवर होते. त्यांनी पाहिलं. मला दिसलं त्यांनी पाहिलेलं. उभेच राहिले. मग अंतरपाट निघाल्यावर खाली उतरले, गर्दीतून चालत दारापर्यंत गेले आणि तिच्यापुढे पेढ्यांचं ताट धरलं. पहिल्यांदाच उभ्या जागेवरून हलले! तिने एक घेतला.

जेवणाच्या पंगतीत चतुराबाई. "विहीणबाई, तुमच्या छापखान्यात 'कै.' संपला होता वाटतं?"

"हो ना! छपाईचे खिळे कमी पडले." 

"मोठ्या लेखिका तुम्ही, आणि घरच्याच पत्रिकेत चूक?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा."

शेजारच्या बायका हसल्या. चतुराबाईही हसल्या, विषय जिलबीवर गेला.

पाठवणीच्या वेळी गोदाने सगळी भांडी टेम्पोत ठेवू दिली, फक्त ती कळशी नाही. कडेवर घेतली. नाव बाहेरच्या बाजूला! चतुराबाई दोन पावलांवर. वाल्मीकने कळशीकडे पाहिलं. वाचलं — मास्तर माणूस, वाचल्याशिवाय राहतो का! मग म्हणाला, "दे, मी धरतो. जपून नेऊ." आणि घेतली. नाव बाहेरच ठेवून.

गोदा माझ्या पाया पडली. उठताना कानाशी म्हणाली, "मावशी, मामींना पोचवायला तुम्ही स्वतः जा हं वणीला." मामी कोण, ते मी विचारलं नाही. गर्दी होती. आमच्यात कुणी मामी नाही.

२२ मे

काल सकाळी फळी पाहिली. आज पाहिली. नावं भिंतीकडे. मी ठेवली तशीच.

पंचवटीच्या स्वयंपाकघरात एक स्टूल होतं.

इतकी वर्षं जिला भूत समजून मी घाबरले, ती परवा सासरी गेली.

टाक काढला. मग एकेक भांडं उचलून मीच फिरवलं. नावं बाहेर.